मदत हवी आहे: मारबतीच्या मिरवणुकीत एक्स्पोजर आणि लेन्स कुठली?

नमस्कार मंडळी,
नागपूरच्या महाल भागात माझा छोटा स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, बारसं, लग्नाचे अल्बम, हे रोजचंच. पण जीव रमतो तो येता-जाता सापडणाऱ्या फोटोंत. परवा इतवारीत पोत्यांच्या थप्पीवर एक हमाल झोपला होता, डोळ्यांवर गमछा अन् हातात अर्धा संपलेला चहाचा कप, तोही सरळ धरलेला!

यंदा तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबती (मिरवणुकीत निघणारे मोठाले पुतळे) मनासारख्या टिपायच्या आहेत. काळी १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. आपल्या नागपूरची एवढी जुनी गोष्ट, काम चांगलंच व्हायला हवं.

अडचण काळ्या मारबतीची आहे. फ्रेमभर काळा रंग आला की कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर त्याला करडा करू पाहतं, एक्स्पोजर वाढवतं, आणि आभाळ अन् आजूबाजूचे चेहरे पांढरेफटक होतात. मॅन्युअलवर ठेवावं तर ढगांमुळे उजेड सारखा बदलतो. एक्स्पोजर एक स्टॉप कमी (म्हणजे निम्मं) करून भागतं का, की स्पॉट मीटरिंगने फक्त चेहऱ्यावरचा उजेड मोजणं बरं?

नेहरू पुतळ्याजवळ दोघी भेटतात तेव्हा गर्दीत लेन्स बदलणं अशक्य. ३५ आणि ८५ मिमीच्या लेन्स आहेत, कुठली लावू? बडग्यांच्या (मारबतींसोबत निघणाऱ्या पुतळ्यांच्या) गळ्यातल्या पाट्याही वाचता यायला हव्यात.

तिथे कोणाच्या ओळखीत माडी किंवा गॅलरी असेल तर कृपया कळवा. घरच्यांना त्यांच्या दारातल्या मिरवणुकीचा मोठा प्रिंट मी आनंदाने देईन.