नागपूरच्या भिंतींवर वारली आहे, मग लिंगो कुठे आहे?

इतवारीकर (धागाकर्ता)
शाळेचं कंपाउंड असो, सोसायटीचं गेट असो की हॉटेलची भिंत, गेरूवर पांढऱ्या रेघा दिसतातच. मधे तारपा वाजवणारा, भोवती नाचणारी माणसं. वारली मला मनापासून आवडते, पण ती डहाणू-जव्हारकडची. नागपूर वसवलं छिंदवाड्याकडच्या देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहने, 1702 च्या सुमारास. त्याच्या लोकांची, म्हणजे गोंडांची, आणि त्यांच्या आद्यपुरुष लिंगोची कथा मला अजून एकाही भिंतीवर दिसलेली नाही.

आणि वारलीचं तरी आपण काय घेतलं? तिकडे लग्नाचा चौक सुवासिनी तांदळाच्या पिठाने काढतात, आत पालघट देवी असते, धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते. आपण देवी सोडली, गाणं सोडलं आणि नाच तेवढा उचलला. माझं ठाम मत आहे की सांगणारा सोबत नसेल तर अशी चित्रं इतिहास जपत नाहीत, फक्त भिंत सजवतात.

बजाजनगरची चित्रकार
अजिबात पटलं नाही. गोंड चित्रकार जनगढ सिंह श्याम यांचं उदाहरण घ्या. मध्य प्रदेशच्या डिंडोरी जिल्ह्यातलं पाटणगड गाव, परधान घर. बाना हे तंतुवाद्य वाजवत गोंड यजमानांच्या वंशावळी आणि देवांच्या कथा गायच्या, हा परधानांचा वारसा. 1980 च्या दशकात चित्रकार जे. स्वामिनाथन यांनी त्यांना भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रात आणलं आणि तोवर गाण्यात राहणारे देव कागदावर उतरले. ते 2001 मध्ये जपानमध्ये वारले, तोवर एक अख्खी पिढी त्यांच्यामागून रंगवायला लागली होती. आज आतल्या ठिपक्या-रेघांच्या भरणीवरून जाणकार चित्रकार ओळखतात. त्याच शैलीतले भज्जू श्याम लंडनला गेले आणि बिग बेनच्या घड्याळाचा त्यांनी कोंबडा केला, कारण गावात वेळ कोंबडा सांगतो. शेजारी गाणारा बसलेला नाही, तरी गोष्ट पोचते ना? चित्रकाराला जुन्याची राखण करायला लावू नका. त्याला नवं सांगू द्या.

यवतमाळचा परधान
दोघंही आमच्याबद्दल बोलून राहिले, म्हणून लिहितो. भाऊ, सांगणारा सोबत पाहिजे म्हणता, पण त्याच्या पोटाचं काय? पहिले यजमान धान्य द्यायचे, कपडा द्यायचे, कधी गायबैल द्यायचे. आता यजमानाचं पोरगं पुण्यात कंपनीत आहे. किंगरी, आमचं तंतुवाद्य, ऐकायला त्याच्यापाशी रात्र नाही. माझ्या आज्याला जे येत होतं त्यातलं निम्मंही माझ्या बापाले आलं नाही. चित्र विकल्या जाते, गाणं विकल्या जात नाही, हे खरं आहे.

पण ताई, डिंडोरीची ती रंगीत शैली उद्या इथल्या भिंतींवर काढली, तर वारलीसारखंच होईल. आमच्याकडचा इतिहास चित्रात कमी आहे, गाण्यात आन् जत्रेत जास्त. माघ पौर्णिमेला गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यात कचारगडला जाऊन पाहा. काली कंकालीची लेकरं त्या गुहेत कोंडली होती. हिरासुका पाटालीरनं किंगरी वाजवली, त्या सुरानं लेकरांच्या अंगात बळ आलं आन् त्यांनी दगड लोटला. हिरासुका मात्र दगडाखाली गेला. आम्ही स्वतःला त्याच्या वाटेवरचे समजतो. कित्येक राज्यांतून लोक येतात तिथं, कोणी भिंत पाहायला येत नाही.

महालातला वाचक
भावनेचा आदर आहे, पण याला इतिहास म्हणायला मी तयार नाही. बख्त बुलंद औरंगजेबाच्या दरबारी गेला, हे आपल्याला कागदांवरून कळतं. लिंगोचं गाणंसुद्धा आपल्याला आज वाचायला मिळतं ते स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्यामुळे. त्यांनी ते परधानाकडून ऐकून उतरवून घेतलं आणि त्यांच्या मृत्यूनंतर 1866 मध्ये ते छापलं गेलं. कागद नसता तर काय उरलं असतं?

इतवारीकर
हिस्लॉपला ते मिळालं तेच मुळी परधानाने तोवर पाठ ठेवलं होतं म्हणून. आणि कागदावर एकाच गायकाचा एकच पाठ आला. त्यात महादेव गोंडांना गुहेत कोंडतो आणि लिंगो सोडवतो. कचारगडचे लोक आज जे सांगतात त्यात नावं वेगळी आहेत, पण कोंडणं आणि सुटणं तेच. राजाने कोणाशी तह केला ते दरबारी कागद सांगेल. आपण कोण, कोणत्या सगाचे (कुळगटाचे), कोणाशी सोयरीक करायची नाही, हे गोंडांनी त्या कागदावरून ठरवलेलं नाही, या गाण्यावरून ठरवलं. त्याला इतिहास म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

यवतमाळच्या भाऊंचं म्हणणं मात्र मान्य. मग भिंत राहू द्या. अजब बंगला, आपलं संग्रहालय, 1863 पासून इथे उभा आहे. तिथे दर रविवारी किंगरीवाल्याला मानधन देऊन बसवा आणि पूर्ण कथा गायला लावा.

यवतमाळचा परधान
दर रविवारी नाही जमत भाऊ. ती कथा रात्रभराची आहे, आन् पहिले देवाचं करावं लागते. संग्रहालय संध्याकाळी बंद होते. तुम्ही एक रात्र मागून पाहा, मी गाणारा आणतो.

बजाजनगरची चित्रकार
रात्र मिळाली तर मी येईन, आणि कागद-रंग घेऊन येईन. त्यावर आक्षेप असेल तर आताच सांगा.