सोसायटी ऑफिसचा पीसी – अँटीव्हायरस घ्यायचा का नाही?

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी 🙏 ऑफिसच्या पीसीचा अँटीव्हायरस संपलाय, दुकानदार म्हणतोय ३ वर्षांचे २४०० होतील, देऊन टाकू का? विंडोज १० आहे. मला यातलं ओ का ठो कळत नाही.

ए-१०४: साहेब थांबा, देऊ नका. विंडोज ८ पासून डिफेंडर, म्हणजे मायक्रोसॉफ्टचाच अँटीव्हायरस, आतच येतो. बाहेरचा टाकला की हा बाजूला होतो, तो संपला की सहसा हाच परत ड्युटीवर येतो. विंडोज सिक्युरिटी उघडून हिरवी टिकमार्क दिसते का बघा.

बी-७०३: म्हणून सांगत असतो मॅक घ्या, व्हायरसची भानगडच नाही 😎

ए-१०४: काका, २०१२ ला फ्लॅशबॅक नावाच्या व्हायरसने ६ लाखांच्या आसपास मॅक धरले होते, जावा नावाच्या सॉफ्टवेअरमधल्या भोकातून. आणि मॅकमधे पण अँटीव्हायरस आहेच की, एक्सप्रोटेक्ट, तो बिचारा तोंड उघडत नाही म्हणून तुम्हाला वाटतं नाहीये.

बी-७०३: बरं बाबा. पण मॅकचं ते गेटकीपर, अनोळखी अ‍ॅप अडवणारं, फार डोकं खातं, परवा पीडीएफ जोडायचं एक अ‍ॅप घेतलं तर उघडेचना, आधी राइट क्लिक करून ओपन म्हटलं की चालायचं, आता मॅकच्या सिक्वोया आवृत्तीपासून सेटिंग्जमधे प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत जाऊन ओपन एनीवे दाबा. मुलाला फोन केला तर म्हणे बाबा ते अ‍ॅपच डिलीट करा.

सी-२०१: टँकर ११ ला येणारे ना?

सेक्रेटरी: साडेअकरा होतील ताई.

सी-५०२: काका विंडोजच्या जागी उबुंटू टाका ना, लिनक्सच आहे, फुकट आहे. सॉफ्टवेअर कुठल्याही साइटवरून उचलायचं नाही, त्यांच्याच रेपोतून, म्हणजे त्यांच्या सॉफ्टवेअरच्या कोठारातून येतं, वर अ‍ॅपआर्मर असतो, तो ज्या अ‍ॅपला नियम लावलेत त्याला नेमून दिलेल्या फाइलींच्या पलीकडे जाऊ देत नाही.

ए-१०४: बरोबर आहे, पण २०२४ च्या मार्चमधे एक्सझेडचं, म्हणजे लिनक्समधल्या फाइल दाबून लहान करायच्या सॉफ्टवेअरचं, झालं ते विसरू नकोस, एकाने दोनेक वर्षं गोड बोलून विश्वास कमावला आणि मागचं दार ठेवून दिलं. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून एकजण खोदत बसला म्हणून सापडलं, आणि तो नेमका मायक्रोसॉफ्टचा इंजिनियर 😂

बी-४०४: माझं ऐका जरा. लॅपटॉपचा मदरबोर्ड बदलून आणला, घरी चालू केला तर निळा स्क्रीन, म्हणे ४८ आकडी रिकव्हरी की टाका. आम्ही कसलं लॉक लावलंच नव्हतं! रिपेअरवाला म्हणाला फॉरमॅट मारू, त्यात लेकीच्या बारशाचे सगळे फोटो. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. शेवटी ह्यांच्या जुन्या ईमेलच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधे ती की निघाली.

ए-१०४: वहिनी ते बिटलॉकर, विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप. चोराने डिस्क काढून नेली तरी वाचता येऊ नये म्हणून असतं. किल्ली टीपीएम नावाच्या, किल्ल्या सांभाळणाऱ्या चिपशी बांधलेली, चिप बोर्डावर, बोर्ड बदलला की त्याला तुम्हीच चोर वाटता. मॅकवर फाइलव्हॉल्टचं पण तसंच, की कागदावर लिहून कपाटात ठेवा सगळ्यांनी.

सेक्रेटरी: मग २४०० वाचले म्हणायचे?

ए-१०४: ते वाचले, पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. डिफेंडरला नवे व्हायरस कळत राहतील पण सिस्टिमलाच भोक पडलं तर बुजवणार कोण. २०१७ ला वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस मे महिन्यात आला, भोक बुजवणारा पॅच मार्चमधेच निघाला होता, ज्यांनी टाकला नाही त्यांची वाट लागली. आपल्या पीसीला टीपीएम २.० असेल तर विंडोज ११ होईल, प्रोसेसर पण बघावा लागेल, संध्याकाळी येतो मी. आणि वॉचमनपासून अकाउंटंटपर्यंत सगळे एडमिन म्हणून, म्हणजे काहीही बदलायची मुभा असलेल्या लॉगिनने, बसतात का हो त्यावर?

सेक्रेटरी: एकच लॉगिन आहे सगळ्यांना. पासवर्ड मॉनिटरला चिकटवलाय.

ए-१०४: 🤦

सी-२०१: टँकर आला, व्हॉल्व्ह कोण उघडतंय?