स्मिता पाटील: 'मंथन'च्या आधीची वाट

अभिनेत्री स्मिता पाटीलची सुरुवात 'मंथन' या चित्रपटापासून झाली, असं काहीजण लिहितात. तसं नाही. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झालं; तिथे मराठी बातम्या देणारी ही मुलगी दिग्दर्शक श्याम बेनेगलांच्या नजरेत भरली. १९७५ मध्ये त्यांनी तिला 'चरणदास चोर' या बालचित्रपटात घेतलं, मग 'निशांत'. त्याच वर्षी आलेल्या 'सामना'तही ती आहे, पण भूमिका लहान, म्हणून यादीतून हमखास सुटते. 'मंथन' १९७६चा.

बातम्या वाचण्याचा अनुभव फुकट गेला नाही, असं मला मनापासून वाटतं. तिथे हातवारे नाहीत, चालणं-फिरणं नाही. चौकट छातीपर्यंतची, म्हणजे सगळी भिस्त डोळे, मान आणि आवाजावर. 'निशांत'मधली रुक्मिणी पुन्हा बघा, संवाद किती थोडे आणि नजर किती बोलते!

आणि १९७७! एकाच वर्षी 'जैत रे जैत'मधली ठाकर आदिवासी चिंधी आणि 'भूमिका'. अभिनेत्री हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मचरित्रावर बेतलेल्या 'भूमिका'त किशोरवयापासून प्रौढपणापर्यंतचं वय दाखवायचं होतं. असा पट केवळ मेकअपवर सोडला की फसतो, कारण चाल आणि आवाज तरुणच राहतात. तिने दोन्ही बदलले, तेही बाविशीच्या आत. राष्ट्रीय पुरस्कार त्याचाच.