जुन्या पोर्शेत नवा स्क्रीन: गाडी सुधारते की बाटते?

स्टुटगार्टकर
मंडळी, वाद घालायलाच धागा काढतोय. माझ्याकडे २००३ची पोर्शे ९११ आहे, ९९६ पिढीतली, साधी करेरा. इंजिन ठणठणीत. पण डॅशबोर्डच्या मधोमध बसलेली मूळ पेटी, ज्याला पोर्शेवाले पीसीएम म्हणतात, ती वयाने थकली आहे. नकाशा तबकडीवरचा. स्टुटगार्टमध्ये बी-१० महामार्गावरून रोझेनश्टाईन बोगद्यात शिरलं की स्क्रीनवरचा बाण रस्ता सोडून भलतीकडेच भटकायला लागतो. त्यात त्याचा दोष नाही, बोगदा २०२२मध्ये सुरू झाला. रेल्वे स्टेशनच्या आसपास तर विचारूच नका, २०१०पासून तिथे खोदकाम चाललंय आणि रस्ते सारखे इकडचे तिकडे होतायत. ब्लूटूथ नाही, डिजिटल रेडिओ नाही.

२०२०मध्ये पोर्शेच्याच क्लासिक विभागाने पीसीसीएम प्लस नावाची पेटी काढली. ९९६ आणि पहिल्या पिढीची बॉक्स्टर यांच्यासाठी, सात इंची टचस्क्रीन, कारप्ले (म्हणजे आयफोनची अॅप्स गाडीच्या स्क्रीनवर), डिजिटल रेडिओ. जुन्याच खोबणीत बसते, मूळ अँप्लिफायर, स्पीकर, अँटेना तसेच वापरता येतात. निघाली तेव्हा जर्मनीत किंमत साधारण १६०० युरो होती. माझं मत स्पष्ट आहे: बसवावी. इथल्या रविवारच्या गाडीवाल्यांच्या कट्ट्यावर मात्र हे बोललो तर लोकांनी असं बघितलं की जणू मी गाडीला सीएनजी किट लावतोय. तुम्ही बोला.

फ्लॅटसिक्स
कट्टेकऱ्यांशी सहमत. तुमच्या पाठीमागे ३.६ लिटरचं सहा सिलिंडरचं बॉक्सर इंजिन आहे. चार हजार आरपीएमच्या पुढे ते जे गातं त्यासाठी लोक ही गाडी घेतात. त्याच्यावर कुठलं गाणं लावणार तुम्ही? फेरारी एफ४०मध्ये रेडिओच नव्हता. ९११च्या जीटी३ आरएसमध्ये ऑडिओ काढून टाकायचा पर्याय कंपनीने जादा पैसे न घेता दिलाय, आणि लोक तो घेतात! रस्ताच शोधायचा तर फोन खिशात आहे.

दुसरं, पंचवीस-तीस वर्षांच्या गाडीची किंमत मूळ भागांवर ठरते. जर्मनीत प्रथम नोंदणीला ३० वर्षं झाली की एच पाटी (ऐतिहासिक गाडीची नंबरप्लेट) मिळू शकते, आणि ती देताना गाडी किती मूळ अवस्थेत आहे ते बघतात. तुमची २०३३मध्ये त्या वयाची होईल. तोवर सगळ्यांनी स्क्रीन बदललेले असतील आणि मूळ पीसीएमवाली गाडी शोधून सापडणार नाही.

चैत्रपालवी
फ्लॅटसिक्स, "फोन खिशात आहे" हे जर्मनीत राहून म्हणताय? चालवताना फोन हातात दिसला तर १०० युरो आणि फ्लेन्सबुर्गच्या वाहतूक-गुन्ह्यांच्या खात्यावर एक दंडगुण. होल्डर लावा म्हणाल, तर ९९६च्या त्या गोलाकार डॅशवर होल्डर कुठे लावायचा? काचेवर चिकटवला की वळणावर धप्पकन मांडीत. माझ्या नवऱ्याची बॉक्स्टर आहे, रोज बघते.

फ्लॅटसिक्स
वहिनी, मग टचस्क्रीनचंही ऐका. २०२०मध्ये कार्ल्सरुहच्या वरिष्ठ न्यायालयाने एका टेस्लावाल्याची शिक्षा कायम केली. बाबा पावसात वायपरचा वेग स्क्रीनवर बदलत होता, गाडी रस्त्याबाहेर जाऊन झाडांवर आदळली. २०० युरो दंड आणि महिनाभर गाडी चालवायला बंदी. न्यायालयाचं म्हणणं असं की गाडीत पक्का बसवलेला स्क्रीन हेही विद्युत उपकरणच, त्याच्याकडे नजर टाकायची ती क्षणभर. जुन्या पेटीची बटणं मी न बघता दाबतो. पाच वर्षं वापरली की बोटांना आपोआप कळतं.

खडकवासला_एक्सप्रेस
पुण्याहून माझे दोन पैसे. कडेवरून धागा वाचतोय, माझ्याकडे पोर्शे नाही, असणारही नाही. पण "मूळ ते मूळ" हा सोवळेपणा ९९६च्या बाबतीत ऐकून हसू आलं. १९९७ला ही गाडी आली तेव्हा याच जातीच्या लोकांनी छाती पिटली होती, कारण ९११ पहिल्यांदा हवेऐवजी पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाची झाली. तिच्या दिव्यांना जर्मन लोक अजून तळलेली अंडी म्हणतात ना? जी गाडी जन्मालाच बाटलेली म्हणून आली, तिच्या रेडिओला कसलं सोवळं?

अवांतर: शुद्ध आवाजाचं म्हणाल तर २०११च्या बीएमडब्ल्यू एम५पासून इंजिनाचा आवाज स्पीकरमधून वाजवतात. त्या गाडीत स्पीकर काढला तर अर्धं इंजिन गेलं.

फ्लॅटसिक्स
अंड्यांचा मुद्दा मान्य :) पण बीएमडब्ल्यूचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. ९९६ला स्पीकरची गरज लागत नाही, म्हणूनच ती जपायची.

तारजोड्या
गेली बरीच वर्षं गाड्यांत ऑडिओ बसवायचं काम करतो, आधी पिंपरीत, आता आखेनजवळ. दोन्ही बाजूंनी मूळ प्रश्न सुटतोय. स्क्रीन कुठला यापेक्षा तो कसा बसतो ते महत्त्वाचं.

२००३च्या पीसीएमवाल्या गाडीत पेटी, सीडी चेंजर आणि बोस कंपनीची ऑडिओ यंत्रणा असेल तर अँप्लिफायर हे सगळे मोस्ट नावाच्या प्रकाशतंतूच्या कड्यात गुंफलेले असतात. तांब्याची तार नाही, प्लास्टिकचा तंतू, त्यातून लाल उजेड धावतो. प्लग काढून अंधारात बघा, टोक लालसर चमकतं. कड्यातलं एक उपकरण मेलं की सगळंच मुकं. लोक म्हणतात रेडिओ गेला, प्रत्यक्षात डिकीतला चेंजर गेलेला असतो. मग दोन्ही टोकं जोडणारा छोटा लूप लावून त्या उपकरणाला वगळायचं, बाकीचं बोलायला लागतं. हा तंतू अडीच सेंटीमीटरपेक्षा कमी त्रिज्येत दुमडायचा नाही. स्वस्तातली पेटी मागे जागा नाही म्हणून जोर लावून कोंबतात, तंतू चेपतो, आणि महिन्याभराने गिऱ्हाईक बोंबलत येतं.

बाजारातला दोनशे युरोचा अँड्रॉइड स्क्रीन घेतलात तर त्याला हे कडं कळत नाही. मग एकतर भाषांतर करणारा डबा मध्ये लावा, नाहीतर मूळ अँप्लिफायर बाद करून दारापर्यंत नव्या तारा ओढा. माझा राग इथे आहे. मूळ वायरिंगचा गुच्छ कापून काळी टेप गुंडाळलेली गाडी आली की मी हात जोडतो. पेटी परत बदलता येते, कापलेला गुच्छ पूर्ववत होत नाही.

आणखी एक. कायम चालू असणारी तार आणि किल्लीवर चालू होणारी तार, जर्मन भाषेत क्लेमे ३० आणि क्लेमे १५. यांची अदलाबदल झाली की पेटी किल्ली काढल्यावरही जागी राहते. स्पोर्ट्स कार तीन-तीन आठवडे गॅरेजात उभी असते, बॅटरी बसलीच म्हणून समजा. आणि ९९६ची बॅटरी पुढच्या डिकीत, डिकीचं झाकण विजेवर. पुढचं तुम्हीच ओळखा.

स्टुटगार्टकर
तारजोड्या, हेच हवं होतं. माझ्या गाडीत बोस आहे. म्हणजे क्लासिकवाल्यांची पेटी घेतली तर गुच्छाला हात लावावा लागू नये.

फ्लॅटसिक्स, रेडिओचा मुद्दा तुम्ही सोडून दिलात. स्विस सार्वजनिक रेडिओने ३१ डिसेंबर २०२४ला एफएम बंद केलं. नॉर्वेत राष्ट्रीय वाहिन्या २०१७मध्येच एफएमवरून गेल्या. युरोपीय संघात २०२०च्या डिसेंबरपासून नव्या गाडीतला रेडिओ डिजिटल पकडणारा असावा लागतो. मूळ पेटी जपून तिच्यात खरखर ऐकायची का?

चैत्रपालवी
आणि ब्लिट्झरचं, म्हणजे वेग टिपणाऱ्या कॅमेऱ्यांचं, कोणी बोललं नाही. कारप्ले आलं की लोक कॅमेरे दाखवणारं अॅप स्क्रीनवर उघडं ठेवतात. जर्मनीत चालवताना ते वापरणं बेकायदा आहे, ७५ युरो आणि एक दंडगुण. स्क्रीन जितका मोठा तितकं पोलिसाला खिडकीतून सोपं!

खडकवासला_एक्सप्रेस
नकाशाबद्दल एक शंका. ताम्हिणीत फोनची रेंज जाते तसं तुमच्या ब्लॅक फॉरेस्टमध्येही होतं म्हणे. मग कारप्ले तिथे काय कामाचं?

तारजोड्या
बरोबर शंका. रेंज नसेल तर आधी उतरवून ठेवलेला नकाशा चालतो, कारण जागा उपग्रहावरून कळते, रेंजवरून नाही. बोगद्यात मात्र उपग्रहही दिसत नाही आणि फोन अंदाजाने बाण ढकलतो. गाडीत बसवलेलं नेव्हिगेशन चाकाच्या वेगाचा सिग्नल मोजून बोगद्यातही जागा धरून ठेवतं. त्या तारेला इथे गाला म्हणतात. नवी पेटी लावताना बरेच जण ती मोकळीच सोडतात. स्टुटगार्टमध्ये इतके बोगदे आहेत, तिथे ही तार जोडलीच पाहिजे. बसवणाऱ्याला आधी हे विचारा. त्याने "ती लागत नाही" म्हटलं तर दुसऱ्या दुकानात जा.

स्पीकरचं म्हणाल तर घाई करू नका. ऑटोबानवर १३०ला टायरचा घोंघाट खालचे सूर गिळून टाकतो, बासवर कितीही पैसे घाला. आधी दाराच्या पॅनेलमागे भरण द्या, स्पीकरची कडा तडकली असेल तर तेवढाच बदला.

फ्लॅटसिक्स
ठीक. गुच्छ न कापता, मूळ पेटी कोरड्या जागी गुंडाळून ठेवून, गाडी विकताना ती सोबत देणार असाल तर माझा विरोध निम्मा. उरलेला निम्मा राहणार. टचस्क्रीन मला त्या डॅशवर बघवत नाही, आणि कोपऱ्यात शिरताना नजर रस्त्यावरून हलवणारी कुठलीही वस्तू मला त्या गाडीत नको. तुम्ही बसवाच, पण भेटलो की माझ्याशेजारी बसून तो स्क्रीन बंद ठेवायचा.

स्टुटगार्टकर
मंजूर. पेटी मागवतो. तारजोड्या, व्यनि करतोय, आखेन लांब असलं तरी गाडी तुमच्याकडेच आणीन म्हणतो.