मदत हवी आहे: जॉर्जियाचं फिल्म टॅक्स क्रेडिट आणि भारतातून येणारे कलाकार

अटलांटाजवळ एक मराठी फीचर करतोय. कंपनी जॉर्जियातच नोंदवलेली आहे, शूटिंग 24 दिवसांचं. राज्याचं क्रेडिट (खर्चाच्या प्रमाणात मिळणारी करसवलत) मूळ 20 टक्के, श्रेयनामावलीत जॉर्जियाचा पीचचा लोगो टाकला की आणखी 10. पण राज्यातला पात्र खर्च, म्हणजे क्रेडिटसाठी धरला जाणारा खर्च, किमान 5 लाख डॉलर लागतो. घोडं इथेच अडलंय. आमचा आकडा 4.7 लाखांवर थांबतो. एडिटिंग आणि डबिंग पुण्यात आहे. तो खर्च धरत नाहीत, हे ठाऊक आहे. क्रेडिट दुसऱ्या करदात्याला विकता येतं, त्यामुळे कर कमी भरतो हा प्रश्न नाही.

नियम वाचले, सीपीएलाही (इथल्या सीएला) विचारलं. बाहेरच्यांनी जॉर्जियात केलेल्या कामाचं मानधन चालतं, एवढंच तो सांगतो. भारतीय कंपनीचं प्रकरण त्याने कधी हाताळलेलं नाही. आमचे दोन मुख्य कलाकार मात्र मानधन मुंबईतल्या स्वतःच्या कंपनीच्या नावावरच घेतात. वैयक्तिक पेरोलवर यायला तयार नाहीत (समजावून थकलो). व्हिसाचं काम वकील बघतोय, ते सोडा.

अशा परदेशी कंपनीला दिलेल्या रकमेतून जॉर्जियाचा विदहोल्डिंग टॅक्स (पैसे देतानाच कापायचा कर) कापून भरला, तर ऑडिटमध्ये ती पात्र खर्चात धरली गेल्याचा कुणाला प्रत्यक्ष अनुभव आहे का?