गुण्या-कंपासचा बिल्ला गोदेत सोडा म्हणणाऱ्यांना उत्तर

पंचवटीकर:
काल एकाने फोटो टाकला. भांडीबाजारात मोडीत आलेला पितळी बिल्ला, त्यावर गुण्या, कंपास आणि मधोमध इंग्रजी 'जी' अक्षर. खाली मजकूर: 'ही फ्रीमेसनांची सैतानी खूण आहे. घरात सापडली तर गोदावरीत सोडा आणि मागे वळून बघू नका.' त्याखाली लोकांनी भराभर हात जोडले.

माझे चुलत आजोबा मुंबईला फोर्टात नोकरीला होते. महिन्यातून एकदा तिथल्या फ्रीमेसन्स हॉलमध्ये जायचे. निवृत्त होऊन नाशिकला आले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत अगदी असाच बिल्ला आणि पांढरा कातडी एप्रन होता. ते गेल्यावर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी घरातल्याच कुणीतरी 'करणीचं सामान' म्हणत दोन्ही वस्तू रामकुंडाच्या खाली नेऊन सोडल्या. मी अकरा वर्षांचा होतो, गप्प बसलो. त्याची खंत अजून आहे, म्हणून आज लांबलचक लिहितोय.

यात सैतान कुठेच नाही. फ्रीमेसन म्हणजे एका जुन्या बंधुसंघाचे सभासद, आणि त्या संघाची शाखा म्हणजे लॉज. ही सगळी गवंड्याची हत्यारं आहेत. गुण्या म्हणजे वागणूक काटकोनात असावी. कंपास म्हणजे आपल्या वासनांभोवती स्वतःच वर्तुळ काढावं आणि त्याबाहेर जाऊ नये. ओळंबा म्हणजे सरळपणा, पाणसळ म्हणजे माणसामाणसांत उंचसखल नाही. चोवीस इंची पट्टी म्हणजे दिवसाचे चोवीस तास. काम, ईश्वर, गरजूंना मदत आणि विश्रांती यांत वाटून घ्यायचे. लॉजमध्ये एक ओबडधोबड दगड आणि एक घडवलेला चिरा ठेवतात. पहिला म्हणजे नवखा माणूस, दुसरा म्हणजे त्याने स्वतःला घडवून जे व्हायचं ते. 'जी' म्हणजे जॉमेट्री, आणि गॉडसुद्धा. भारतातल्या लॉजमध्ये चौरंगावर गीता, कुराण, बायबल असे धर्मग्रंथ शेजारी शेजारी असतात, सभासद आपापल्या ग्रंथावर हात ठेवून शपथ घेतो. आणि ज्याला ईश्वर मान्य नाही त्याला तिथे प्रवेशच नाही. मग सैतान आला कुठून?

तो आला पॅरिसहून. लिओ टॅक्सिल नावाच्या लेखकाने फ्रीमेसन सैतानाला पूजतात अशी पुस्तकं वर्षानुवर्षं लिहिली आणि खपवली. १९ एप्रिल १८९७ला भर सभेत त्याने स्वतः सांगितलं की हे सगळं मी रचलं होतं. सव्वाशे वर्षं होऊन गेली, तीच थाप आज नाशिकमध्ये मोबाइलवर फिरतेय.

गंगाघाट:
डॉलरच्या नोटेवर त्रिकोणातला डोळा कुणाचा, तेही सांगा मग.

पंचवटीकर:
तो अमेरिकेच्या राजमुद्रेतला, १७८२चा. डोळा सुचवणारा चित्रकार द्यु सिमितिए फ्रीमेसन नव्हता, शेवटचा आराखडा करणारे थॉमसन आणि बार्टनही नव्हते. सगळं पाहणारा ईश्वर दाखवायला ख्रिस्ती चित्रकार तो डोळा आधीपासून काढायचे. लॉजच्या पुस्तकांत तो रूढ झाला १७९७नंतर.

गंगाघाट:
बरं, सैतान नाही, मान्य. पण तुम्ही अर्धीच गोष्ट सांगता. नीती शिकवायची तर दाराला कडी कशाला? आमच्याकडे कीर्तनात नीती सांगतात, मांडव चारही बाजूंनी उघडा असतो. इथे डोळ्याला पट्टी, गळ्यात दोर, एक पाय मोकळा, आणि शपथ अशी की गुपित फोडलं तर गळा चिरला जावो. हे माझ्या मनातलं नाही, १७३०मध्ये प्रिचर्ड नावाच्या त्यांच्याच माणसाने छापून टाकलंय.

माझे वडील एका कंपनीत वीस वर्षं सचोटीने राबले. बढतीची वेळ आली तेव्हा साहेबाच्या लॉजमधला माणूस वर गेला. पुरावा मागू नका, घरी आलेल्या वडिलांचा चेहरा हाच माझा पुरावा. त्या साहेबाच्या कोटालाही हाच बिल्ला असायचा. तुमच्या पुस्तकात गुण्याचा अर्थ काहीही असो, आमच्या घरात त्याचा अर्थ 'आपल्यातला नाही' एवढाच होता.

पंचवटीकर:
तुमच्या वडिलांचं वाईट वाटलं, मनापासून. पण वशिला जातीवर चालतो, गावावर चालतो, एका शाळेत शिकलेल्यांचाही चालतो. त्याचं खापर गुण्यावर का? आणि गळा चिरण्याची भाषा इंग्लंडच्या ग्रँड लॉजने, म्हणजे तिथल्या लॉजच्या मुख्य संस्थेने, १९८६मध्ये शपथेतून काढली.

गंगाघाट:
म्हणजे १९८६पर्यंत होती. धन्यवाद.

गवंडीपुत्र:
दोघांचं वाचलं. दोघंही हत्यारांबद्दल बोलताय आणि दोघांपैकी एकानेही ती हातात धरलेली दिसत नाहीत.

माझे वडील गवंडी, आजोबा पाथरवट. वडिलांचा ओळंबा माझ्याकडे आहे. वरचा लाकडी ठोकळा भिंतीला लावायचा, खालचं वजन सोडायचं. ते भिंतीला घासलं तर भिंत मागे गेली, लांब राहिलं तर पुढे झुकली, केसाच्या अंतराने लटकलं तर भिंत ओळंब्यात. वारा असला तर थांबायचं. वडील तेवढा वेळ श्वास रोखून धरायचे, आम्ही पोरंही रोखायचो. पायाची आखणी करताना कोपरा धरायला सुतळीवर तीन, चार, पाच हात मोजायचे. तिरकी बाजू पाच भरली की कोपरा गुण्यात. शाळेत गुरुजींनी पायथागोरस शिकवला तेव्हा मला तो आधीच येत होता.

या साहेबलोकांनी आमची हत्यारं उचलली, चांदीत घडवली, छातीवर लावली. एप्रन घातला तोही पांढराशुभ्र. चुना-सिमेंटात राबणाऱ्याचा एप्रन पांढरा राहतो कधी? त्या लॉजात खऱ्या गवंड्याला कुणी बोलावलं का, एवढं सांगा.

पंचवटीकर:
तीन-चार-पाच बघून अंगावर काटा आला. युक्लिडच्या पहिल्या पुस्तकातलं सत्तेचाळिसावं प्रमेय, म्हणजे तेच, इंग्लिश लॉजच्या माजी प्रमुखाच्या पदकावर कोरलेलं असतं. तुमची सुतळीच ती.

पण साहेबांनी उचललं हे अर्धसत्य आहे दादा. स्कॉटलंडमध्ये १५९८ आणि १५९९ला विल्यम शॉने लॉजचे नियम घालून दिले, ते खऱ्या दगडकाम करणाऱ्यांसाठी. आयर्लंडमध्ये लिमरिकला एक जुना पूल पाडताना पितळी गुण्या सापडला. त्यावर १५०७ साल आणि इंग्रजी ओळी आहेत, भावार्थ असा की प्रेमाने आणि काळजीने, पाणसळीत राहून गुण्याप्रमाणे जगायचा यत्न करीन. लंडनची ग्रँड लॉज १७१७ची. त्याआधी दोनशे वर्षं कुणीतरी हत्यारात जगण्याचा अर्थ कोरत होतं.

गवंडीपुत्र:
१५०७चा गुण्या मला माहीत नव्हता. कोरणारा कारागीरच असणार, साहेब पुलाच्या पायात कशाला जाईल? तेवढं मान्य. पण माझा प्रश्न तसाच आहे: नंतर कारागीर बाहेर आणि साहेब आत, हे कसं झालं?

शिल्पमार्ग:
मुळात हे सगळं भारतातून गेलंय. विश्वकर्मा, सूत्रधार, षट्कोन. हुमायूनच्या मकबऱ्यावर षट्कोन आहे, लॉजमध्येही षट्कोन आहे. आणखी काय हवं?

पंचवटीकर:
आणखी पुरावा हवा. कंपास हातात आला की वर्तुळाच्या परिघावर सहा खुणा पडतातच, जगात कुठेही. त्यासाठी कुणी कुणाकडून न्यायची गरज नाही.

गवंडीपुत्र:
आमच्याकडे खंडेनवमीला ओळंबा, थापी, गुण्या पाटावर मांडून हळदकुंकू वाहतात. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. हा अर्थ आम्हाला कुणी लंडनहून पाठवला नाही, आम्हीही कुणाला पाठवला नाही. काम करणाऱ्याला तो आपोआप कळतो.

आणि आता विषय निघालाच आहे तर बोलतो. जुन्या नाशकातला एक वाडा गेल्या वर्षी पाडला. माझ्या आजोबांनी त्याच्या जोत्याचे काही चिरे बदलले होते. काळ्या पाषाणाचे घडीव चिरे, सांध्यात नख जाणार नाही असे. बिल्डरने ते ट्रॉलीत भरून भरावाला टाकले. त्या चिऱ्यासाठी एकानेही हात जोडले नाहीत. लॉजातला घडवलेला दगड चौरंगावर आणि आमचा खड्ड्यात!

कॉलेजरोड:
दादा, भावना ठीक आहे, पण वाडे पडायलाच आलेत. पावसाळ्यात माणसं दबून मरतात. सिमेंटने तरी नीट डागडुजी होते.

गवंडीपुत्र:
सिमेंटनेच वाडे मेले! चुन्याच्या भिंतीत ओल शिरली तर बाहेरही पडते. वरून सिमेंटचा गिलावा मारला की ती आत कोंडते, क्षार फुलतात, दगडाचे पापुद्रे सुटतात. चुना घाणीत दळायचा, मुरवायचा, गूळ, हिरडा, बेलफळ घालायचं. हे करणारा माणूस आता शोधून सापडत नाही आणि सापडला तर तुम्ही त्याला सिमेंटवाल्यापेक्षा कमी मजुरी देता.

कॉलेजरोड:
नदीकाठी पुरात चुना टिकतो का? पुस्तकी बोलू नका.

गवंडीपुत्र:
पुस्तकी मी? नारोशंकराचं मंदिर १७४७चं आहे. किती पूर अंगावर घेतले त्याने? उलट रामकुंडाच्या तळाला कुंभाच्या नावाखाली काँक्रीट ओतलंत, झरे बुजवलेत, आता टँकरने पाणी सोडायची वेळ येते. गुण्या धरता न येणाऱ्यांनी मला टिकाऊपणा शिकवू नये.

कॉलेजरोड:
तोंड सांभाळून बोला. माझा काका त्याच नदीच्या पुरात घर गमावून बसलाय.

गवंडीपुत्र:
काकांबद्दल बोललो नाही. लागलं असेल तर शब्द मागे घेतो. काँक्रीटबद्दलचा नाही.

गंगाघाट:
पुराचा विषय निघाला म्हणून मूळ मुद्द्यावर येतो. गोदेच्या पात्रातला दुतोंड्या मारुती घ्या. बाहेरचा माणूस बघेल तर दोन तोंडांची मूर्ती, बस. आपल्याला 'मारुतीच्या छातीला पाणी लागलं' म्हटलं की सराफ बाजारातली दुकानं आवरायला घेतात. मूर्ती घडवणाऱ्याच्या मनात हे होतं का? नसेलही. अर्थ घाटावरच्या लोकांनी रोज बघून घातला. म्हणून म्हणतो, लॉजच्या चिन्हांचा अर्थ लॉजच्या पुस्तकात शोधू नका. ज्यांच्यासमोर ती मिरवली त्यांना विचारा.

पंचवटीकर:
हा मुद्दा बिनतोड आहे. पण मग आत बसणाऱ्यांनी रोज बघून घातलेला अर्थही धरावा लागेल. माझ्या आजोबांनी आयुष्यभर एका विधवा शेजारणीच्या मुलांची फी भरली आणि कुणाला सांगितलं नाही. विचारलं तेव्हा म्हणाले, 'पट्टीतला तो भाग त्यांचा.' तेव्हा कळलं नव्हतं. चोवीस इंची पट्टी वाचल्यावर कळलं.

समतेचा प्रवासी:
सगळं शांतपणे वाचलं. पाणसळीबद्दल कुणीच पुढे बोललं नाही, म्हणून मी बोलतो.

पाणसळ म्हणजे समता, बरोबर? मुंबईत भारतीयांसाठी 'रायझिंग स्टार' लॉज १८४३मध्ये निघाली. माणकजी करसेटजी हे पारशी गृहस्थ त्यासाठी किती वर्षं झगडले होते! हिंदूंना तर 'तुमचे देव अनेक' म्हणून अडवून ठेवलं. प्रसन्नकुमार दत्त यांना कलकत्त्यात बराच वाद घालून १८७२ला प्रवेश मिळाला. बारा वर्षांनी तिथेच तरुण नरेंद्रनाथ, म्हणजे पुढचे विवेकानंद, लॉजमध्ये गेले. बायकांना मूळ इंग्लिश लॉजचं दार आजही बंद आहे. ॲनी बेझंट यांना स्त्री-पुरुषांच्या वेगळ्या पंथात जावं लागलं. म्हणजे पाणसळ चौरंगावर आणि उंबरठा तसाच उंच.

पण हे लंडनवाल्यांना ऐकवताना मला माझ्या गावाचं दार आठवतं. २ मार्च १९३०ला काळारामाच्या दारासमोर बाबासाहेबांनी सत्याग्रह सुरू केला. माझे पणजोबा त्यात होते. त्यांनी आत कधी पाऊल टाकलं नाही, नंतर दार उघडलं तेव्हाही नाही. ते मंदिर ज्यांच्या हातांनी उभं राहिलं, त्या दगड वाहणाऱ्या आणि घडवणाऱ्या हातांपैकी कितींना पुढे आत जाता आलं असेल? गवंडीपुत्रांचा प्रश्न लॉजला जसा लागू आहे तसाच आपल्यालाही आहे.

शिल्पमार्ग:
काळारामाचा इथे काय संबंध? विषय भरकटवू नका.

गवंडीपुत्र:
संबंध आहे. मी विचारलेला प्रश्न त्यांनीच नीट विचारला. तुम्ही षट्कोनात अडकलात.

आता जरा वेगळं. पांडवलेण्यांतल्या अठरा नंबरच्या चैत्याच्या दारावर लेख आहे की हे दान धंबिक गावच्या लोकांनी दिलं. सगळ्या गावाने मिळून एक दरवाजा दिला. लहानपणी वडील मला तिथे न्यायचे आणि त्या कमानीखाली उभे राहून छन्नीच्या खुणांवरून बोट फिरवायचे. म्हणायचे, 'याचा हात डावा होता बघ.' त्यांना तो लेख वाचता येत नव्हता.

गंगाघाट:
हे वाचून खरंच थांबलो. साहेबाच्या कोटावरचा बिल्ला मी माफ करणार नाही, पण तो नदीत टाका म्हणणाऱ्यांच्या बाजूनेही आता उभा राहणार नाही.

पंचवटीकर:
एवढंही पुष्कळ आहे.

फोटो आत्ता मोठा करून पाहिला. लॉजमध्ये पहिल्या पायरीच्या सभेला कंपासची दोन्ही टोकं गुण्याखाली झाकलेली ठेवतात, दुसरीला एक वर, तिसरीला दोन्ही वर. बिल्ल्यावर दोन्ही टोकं वर आहेत. आजोबांच्या बिल्ल्यावर कशी होती ते मला आठवत नाही. कितीही डोळे मिटले तरी आठवत नाही.

गवंडीपुत्र:
मोडीचा माल किती दिवस ठेवतात ते? वितळवायला गेला तर संपलं.

समतेचा प्रवासी:
फोटो टाकणाऱ्याला विचारलं. अजून दुकानातच आहे म्हणतो, वजनावर देणार. उद्या भट्टीला जाईल.

गवंडीपुत्र:
पंचवटीकर, सकाळी नऊला भांडीबाजाराच्या तोंडाशी या. मी ओळंबा घेऊन येतो. गुण्या खरा नव्वद अंशात आहे का ते आधी तपासू, मग पैसे द्या.