मदत हवी आहे: कायद्यातल्या आणि चर्चच्या लॅटिन शब्दांचे अर्थ

इंग्रजी मजकुराचं मराठी भाषांतर चालू आहे. कोशात 'हेबियस कॉर्पस' म्हणजे 'तुझ्याकडे शरीर असावे'. यातून कैदेविरुद्धचा अर्ज कसा निघतो? 'मेया कुल्पा'ही कुठे 'माझी चूक', तर कुठे 'माझ्या चुकीने'. खरं कोणतं?

प्रतिसाद १
हे शब्द नामं समजून वाचले की अडायला होतं. यातली बरीच क्रियापदं आहेत. जुन्या हुकुमांना त्यांतल्या शब्दांवरूनच नावं पडली. 'हेबियस' विध्यर्थी, द्वितीय पुरुष एकवचनी. यातला 'तू' म्हणजे कैदी नव्हे, त्याला डांबून ठेवणारा: 'तू त्याला सदेह हजर कर'. कॉर्पस जिवंत माणसाचाच, तेव्हा 'प्रेत' अजिबात नको. 'बंदी प्रत्यक्षीकरण' हा मराठी शब्द म्हणूनच चोख आहे.

तसंच 'मँडॅमस' (अधिकाऱ्याला कर्तव्य करायला लावणारा कोर्टाचा हुकूम) म्हणजे 'आम्ही आज्ञा करतो', 'अ‍ॅफिडेव्हिट' म्हणजे 'त्याने शपथेवर सांगितले', 'कॅव्हिएट' (आपल्याला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये अशी कोर्टाला दिलेली सूचना) म्हणजे 'त्याने सावध राहावे'.

चर्चच्या पुस्तकांत आधी तपासनीस 'निहिल ऑब्स्टॅट' देतो, म्हणजे 'काहीही आड येत नाही'. मग बिशपचं 'इम्प्रिमाटुर', 'छापले जावो'. दोन्हीकडे 'मंजुरी' लिहिलंत तर क्रमच पुसला जाईल. शिवाय पुस्तकातली मतं चर्चला मान्य आहेत असा याचा अर्थ होत नाही.

प्रतिसाद २
'मेया कुल्पा' हा विभक्तीचा घोळ आहे. 'कुल्पा'चं प्रथमेचं आणि अ‍ॅब्लेटिव्हचं (लॅटिनमधली विभक्ती, इथे आपल्या तृतीयेसारखी) रूप छपाईत सारखंच दिसतं. फरक शेवटच्या स्वराच्या ऱ्हस्वदीर्घाचा, आणि तो सहसा छापत नाहीत. मूळ वाक्य पापकबुलीच्या प्रार्थनेतलं: विचाराने, शब्दाने, कृतीने मी पाप केले, 'माझ्या दोषाने'. तेव्हा तृतीयाच घ्या. 'प्रायमा फेसी' त्याच विभक्तीत, म्हणून 'सकृद्दर्शनी'.

'एक्स कॅथेड्रा' म्हणजे 'आसनावरून'. पोपच्या प्रत्येक भाषणाला तो लावू नका. १८७०च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेने ठरवलेला अर्थ फार अरुंद आहे: श्रद्धा किंवा नीतीविषयीचा, साऱ्या चर्चवर बंधनकारक निर्णय. १९५०मध्ये येशूची आई मारिया हिच्या स्वर्गग्रहणाचा सिद्धान्त असाच जाहीर झाला.

धागाकर्ता
आभार! 'रेक्वियम' आणि 'आर. आय. पी.'मध्येही क्रियापद आहे का?

प्रतिसाद १
'रेक्वियम' नाम आहे, पण द्वितीयेत. मृतांसाठीच्या मिस्साची (चर्चमधल्या मुख्य उपासनेची) सुरुवातच 'चिरविश्रांती त्यांना दे' अशी, त्यातला हा पहिला शब्द. 'आर. आय. पी.' मात्र क्रियापदाने सुरू होतं: 'रेक्विएस्कात इन पाचे', 'तो किंवा ती शांतीत विसावो'. मृत एकाहून अधिक असतील तर 'रेक्विएस्कांत', 'विसावोत'.

'क्वोरम' (सभेला लागणारी किमान उपस्थिती, गणसंख्या) आलाच तर तो षष्ठी बहुवचनी सर्वनाम आहे, 'ज्यांच्यापैकी'. त्याचं अनेकवचन 'क्वोरा' करू नका.